उतारूंचे भवितव्य किनाऱ्यावरच ठरते

टायटॅनिक हिमनगावर आपटून बुडाली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण त्या रात्री कोण वाचले आणि कोण गेले, याचा हिशेब मांडायला बसले की सगळा दोष हिमनगाच्या माथी मारता येत नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा हा हिशेब आजही कामाचा आहे. गेटवेवरून घारापुरीला सहलीला निघालेल्या कुटुंबाच्यासुद्धा!

तारीख १४ एप्रिल १९१२. रविवारची रात्र. उत्तर अटलांटिक महासागर तळ्यासारखा शांत होता. आकाशात चंद्र नव्हता, चांदणे मात्र लख्ख पडले होते. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी जगातील त्या वेळची सर्वांत मोठी आगबोट हिमनगाला घासली आणि पहाटे २ वाजून २० मिनिटांनी तिने तळ गाठला. मधला अवधी दोन तास चाळीस मिनिटांचा. बोटीवर सुमारे २२०० माणसे होती. त्यांतली साधारण १५०० दगावली.

ही कथा आपल्याला पुनःपुन्हा सांगितली गेली आहे. जेम्स कॅमेरॉन यांच्या १९९७ सालच्या चित्रपटाने तर ती घराघरांत पोचवली. शेवटपर्यंत वाजत राहिलेला वाद्यवृंद, बोटीबरोबर बुडालेला कप्तान एडवर्ड स्मिथ, आपल्याच हातची निर्मिती डोळ्यांदेखत बुडताना पाहणारे अभियंते टॉमस अँड्र्यूज, ही चित्रे मनावर ठसली आहेत. निसर्गापुढे माणसाचा अहंकार कसा खुजा ठरतो, याचे उदाहरण म्हणून भाषणांतून टायटॅनिकचा दाखला दिला जातो, आणि तो खोटाही नाही. पण अहंकार आणि हिमनग या दोन शब्दांत सगळे आटोपले, की एक अडचणीचा प्रश्न मागेच राहतो. बोट बुडणार हे कळल्यानंतर अडीच तास हाताशी होते, समुद्र शांत होता, तरीही तीनातली दोन माणसे का मेली? आणि जी वाचली, ती तीच का वाचली?

कायदा पाळला होता!

टायटॅनिकवर वीस जीवरक्षक होड्या होत्या. त्या सगळ्या काठोकाठ भरल्या असत्या तरी ११७८ माणसे मावली असती. म्हणजे पहिली होडी पाण्यात सोडण्यापूर्वीच हजारावर माणसांचा निकाल लागलेला होता. यावर कोणीही म्हणेल, की कंपनीने कायदा मोडला, पैसा वाचवला. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ब्रिटिश कायद्याने मागितल्या होत्या, त्यापेक्षा टायटॅनिकवर होड्या जास्तच होत्या.

यातली गोम अशी, की किती होड्या हव्यात हे त्या काळी बोटीवरील माणसे मोजून ठरत नसे, तर बोटीचे टनेज पाहून ठरत असे. १८९४ च्या मर्चंट शिपिंग कायद्याखाली ब्रिटनच्या व्यापार मंडळाने जे कोष्टक केले होते, त्याची शेवटची पायरी होती दहा हजार टनांची. दहा हजार टन किंवा त्याहून मोठ्या बोटीला सोळा होड्या, बस्स! कोष्टक झाले तेव्हा सर्वांत मोठ्या आगबोटी तेरा हजार टनांच्या आसपास होत्या. पुढच्या अठरा वर्षांत बोटी वाढत वाढत टायटॅनिकच्या ४६,३२८ टनांपर्यंत पोचल्या. कोष्टक मात्र जागचे हलले नाही.

अधिकारी झोपले होते, असेही म्हणता येत नाही. त्यांच्याजवळ एक तर्क होता आणि तो वरवर पाहता शहाणपणाचा होता. नव्या बोटी जलरोधक कप्प्यांच्या आहेत, त्या लगेच बुडत नाहीत. बिनतारी यंत्रामुळे मदत लवकर येते. अटलांटिकच्या वाटेवर बोटींची वर्दळ आहे. तेव्हा होड्यांचे काम म्हणजे उतारूंना या बोटीवरून त्या बोटीवर नेऊन सोडणे, सगळ्यांना एकाच वेळी पाण्यावर तरंगत ठेवणे नव्हे. या तर्काला पुरावाही मिळाला होता. जानेवारी १९०९ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ ‘रिपब्लिक’ नावाची आगबोट दुसऱ्या बोटीच्या धडकेने निकामी झाली. बिनतारी संदेश गेला, मदत आली, आणि बोट बुडण्यापूर्वी जवळजवळ सगळे उतारू सुखरूप हलवले गेले. जे एकदा निभावले, ते नेहमीच निभावेल असे सगळ्यांनी गृहीत धरले. रिपब्लिकच्या सुटकेने टायटॅनिकच्या उतारूंचा घात केला, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही.

नियमावरची ही श्रद्धा दुर्घटनेनंतरही सुटली नाही. व्यापार मंडळाचे माजी नौकानयन सल्लागार सर आल्फ्रेड चाल्मर्स यांनी चौकशीत साक्ष देताना आपला जुना नियम योग्यच होता, असे सांगितले. होड्या याहून कमी असत्या तर लोकांनी त्या नीट भरल्या असत्या आणि अधिक माणसे वाचली असती, अशा आशयाचे मतही त्यांनी मांडले. पंधराशे मृत्यूंनंतरही कोष्टकाचा कैवार घेणारा हा अधिकारी आपल्याला परका वाटत नाही. अशी मंडळी प्रत्येक देशात, प्रत्येक खात्यात भेटतात.

रिकाम्या जागा

चाल्मर्स यांच्या बोलण्यात एक सत्य मात्र होते. होड्या खरोखरच रिकाम्या गेल्या. पहिली होडी पाण्यात सोडली तेव्हा ६५ जणांच्या जागेत २८ माणसे होती. एका होडीत ४० जणांची सोय असताना अवघी १२ माणसे बसून गेली. ब्रिटिश चौकशीच्या हिशेबाप्रमाणे वाचली ७११ माणसे. म्हणजे हजारावर माणसांना होडीत जागाच नव्हती आणि ज्या जागा होत्या, त्यांपैकी साडेचारशेहून अधिक कोणाच्याच कामी आल्या नाहीत.

याचे कारण भीती नव्हे, तर अज्ञान. उतारूंना होड्यांची कवायत दिलेली नव्हती. कोणी कोणत्या होडीकडे जायचे, हे ठरलेले नव्हते. साऱ्या बोटीला एकाच वेळी इशारा देण्याची सोय नव्हती. कारभारी आणि नोकर दारोदार जाऊन सांगत होते. कोणाला काय सांगितले, किती लवकर सांगितले आणि किती गांभीर्याने सांगितले, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर होते. उजेडाने झगमगणारी उबदार बोट सोडून काळ्या पाण्यावर सत्तर फूट खाली लोंबकळणाऱ्या होडीत पाय ठेवायला सुरुवातीला लोक तयारही नव्हते. खुद्द अधिकाऱ्यांनाही पूर्ण भरलेली होडी दोरांवर टिकेल की नाही, याची खात्री नव्हती.

अंगावर बांधायचे जीवरक्षक पट्टे मात्र सगळ्यांना पुरून उरतील इतके होते. त्यामुळे पाण्यात पडलेली बहुतेक माणसे बुडाली नाहीत. ती गारठून मेली. पाणी गोठणबिंदूच्याही खाली होते. अर्धवट भरलेल्या होड्या काही अंतरावर थांबून हाका ऐकत होत्या. माणसांच्या गर्दीने होडी उलटेल या भयाने बहुतेक परत फिरल्या नाहीत. हाका विरल्यावर पाचवा अधिकारी हॅरल्ड लो एक होडी घेऊन मागे गेला, तेव्हा हाती लागलेली जिवंत माणसे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

तिकिटाचा वर्ग

‘स्त्रिया आणि मुले आधी’ हे त्या रात्रीचे ब्रीद म्हणून सांगितले जाते. ते कितपत खरे होते, हे आकड्यांनाच विचारू या. पहिल्या वर्गाच्या ३२५ उतारूंपैकी २०३ वाचले, दुसऱ्या वर्गाच्या २८५ पैकी ११८ आणि तिसऱ्या वर्गाच्या ७०६ पैकी १७८. बोटीवरच्या ८८५ कर्मचाऱ्यांपैकी वाचले २१२. टक्केवारीत सांगायचे तर बासष्ट, एक्केचाळीस, पंचवीस आणि चोवीस. जिन्यासारखा हा उतार आहे.

आता स्त्रिया पाहा. पहिल्या वर्गातील १४४ स्त्रियांपैकी १४० वाचल्या. फक्त चार गेल्या. तिसऱ्या वर्गातील १६५ पैकी ७६ वाचल्या. निम्म्याहून अधिक गेल्या. मुलांचे काय? पहिल्या वर्गात सहा मुले होती, त्यांतली पाच वाचली. दुसऱ्या वर्गातील चोवीसच्या चोवीस वाचली. तिसऱ्या वर्गातील ७९ मुलांपैकी फक्त २७ वाचली. आणि पहिल्या वर्गातील पुरुष? १७५ पैकी ५७. दोन्हींचे प्रमाण काढले तर तिसऱ्या वर्गातील मूल आणि पहिल्या वर्गातील पुरुष यांच्या वाचण्याच्या शक्यतेत फारसा फरक उरत नाही. दोघांचेही प्रमाण तिनास एक. ‘मुले आधी’ हा नियम वरच्या डेकवर पाळला गेला, खाली पोचता पोचता त्याचे बळ संपले.

हिशेब इतकाही सरळ नाही, हेही सांगायला हवे. सर्वांत वाईट गत दुसऱ्या वर्गातील पुरुषांची झाली. १६८ पैकी फक्त १४ वाचले. तिसऱ्या वर्गातील पुरुषांहूनही कमी. बोटीच्या एका बाजूला अधिकारी चार्ल्स लाइटोलर पुरुषांना होडीत पाऊलच टाकू देत नव्हते. दुसऱ्या बाजूला विल्यम मर्डोक जवळपास बाई दिसत नसेल तर पुरुषांनाही बसवत होते. तुम्ही डाव्या अंगाला उभे आहात की उजव्या, यावरही जीव अवलंबून होता.

मग तिसऱ्या वर्गाला कोणी मुद्दाम कोंडून मारले काय? ब्रिटिश चौकशीचे प्रमुख लॉर्ड मर्सी यांनी तसा भेदभाव झाला नाही, असा निर्वाळा दिला. ही माणसे बोट सोडायला नाखूश होती, सामानाला चिकटून राहिली, आणि खालून वर येणे कठीण होते, अशी कारणे त्यांनी दिली. मात्र या चौकशीने तिसऱ्या वर्गातील एकाही उतारूची साक्ष घेतली नाही. उतारूंपैकी साक्षीला बोलावले गेले ते कंपनीचे अध्यक्ष ब्रूस इस्मे आणि सर कॉस्मो डफ गॉर्डन व त्यांच्या पत्नी. अमेरिकेच्या सिनेटने केलेल्या चौकशीत तिसऱ्या वर्गातील तिघांचे म्हणणे तरी नोंदले गेले. त्यांतील डॅनियल बक्ली या आयरिश तरुणाने वर जाणाऱ्या वाटेवरच्या फाटकाचा आणि तिथे झालेल्या अडवणुकीचा उल्लेख केला.

तरीही मर्सी यांचे म्हणणे क्षणभर मान्य करू. कोणीही दुष्टपणा केला नाही असे धरून चालू. मग तर प्रश्न अधिकच गंभीर होतो. अमेरिकेच्या स्थलांतरविषयक कायद्याने तिसऱ्या वर्गाला रोगराईच्या भयाने वेगळे ठेवायला सांगितले होते, म्हणून बोटीत अडसर आणि फाटके होती. होड्या ठेवल्या होत्या वरच्या डेकवर, जिथे पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचा रोजचा वावर. तिसऱ्या वर्गातून तिकडे जाण्याची सरळ वाट आखलेलीच नव्हती. त्यातले अनेक जण स्वीडन, फिनलंड, सीरिया अशा देशांतून आलेले. इंग्रजी पाट्या त्यांना वाचता येत नव्हत्या. जॉन हार्ट नावाच्या एका कारभाऱ्याने तिसऱ्या वर्गातील बायकामुलांचे दोन जथे स्वतः वाट दाखवत होड्यांपर्यंत नेले आणि त्यांतली बहुतेक वाचली. म्हणजे वाट होती. ती दाखवणारे माणूस हवे होते. सातशे माणसांसाठी असे हार्ट किती नेमायचे, याचा विचार बोट बांधताना आणि नकाशा मंजूर करताना कोणी केला नाही. माणूस मारायला दुष्टपणा लागतोच असे नाही. त्याला हिशेबात न धरणे पुरेसे असते.

भारतातून निघालेले काही जण

या बोटीवर भारतातून आलेली माणसेही होती. आताच्या छत्तीसगडमधील जांजगीर येथे मुलींची शाळा चालवणाऱ्या ॲनी फंक या अमेरिकन मिशनरी बाई आईच्या आजारपणाची तार मिळाल्यावर रेल्वेने मुंबईला आल्या आणि इथूनच आगबोटीने युरोपला गेल्या. इंग्लंडात कोळसा खाणकामगारांचा संप चालू होता. त्यांची ठरलेली बोट कोळशाअभावी अडकली होती. म्हणून जादा पैसे भरून त्यांनी टायटॅनिकचे दुसऱ्या वर्गाचे तिकीट घेतले. १२ एप्रिलला त्यांनी बोटीवर आपला अडतिसावा वाढदिवस साजरा केला. त्या वाचल्या नाहीत. आंध्रातील गुंटूरहून आलेल्या नेली बेकर या मिशनऱ्याच्या पत्नी मात्र आपल्या तीन मुलांसह वाचल्या. गर्दीत त्यांची बारा वर्षांची मुलगी रूथ मागे राहिली आणि दुसऱ्याच होडीतून गेली. सुटकेला आलेल्या ‘कार्पेथिया’वर मायलेकींची भेट झाली.

इंग्लंडहून अमेरिकेला निघालेल्या गुडविन कुटुंबाचे नशीब असे नव्हते. तिसऱ्या वर्गातील आईबाप आणि सहा मुले, अशी आठही माणसे गेली. त्यांतल्या फक्त धाकट्याचा, एकोणीस महिन्यांच्या सिडनीचा, देह सापडला. कॅनडातील हॅलिफॅक्स येथे ‘अनोळखी बालक’ म्हणून त्याला पुरले गेले. डीएनए तपासणीने त्याचे नाव निश्चित व्हायला २००७ साल उजाडावे लागले.

वर्ग मेल्यावरही सुटला नव्हता. प्रेते गोळा करायला हॅलिफॅक्सहून ‘मॅके-बेनेट’ ही बोट पाठवण्यात आली. तिला ३०६ देह मिळाले. पहिल्या वर्गातील उतारूंचे देह शवपेट्यांत ठेवले गेले, इतर उतारूंचे कॅनव्हासमध्ये गुंडाळले गेले, कर्मचाऱ्यांचे बर्फात रचले गेले आणि ११६ जणांना पुन्हा समुद्रातच सोडण्यात आले. कर्मचाऱ्यांचा पगार बोट बुडाली त्या क्षणापर्यंतचाच धरला गेला. शेवटपर्यंत वाजवत राहिलेल्या वादकांपैकी जॉक ह्यूम या तरुणाच्या वडिलांना, मुलाच्या गणवेशाचे पैसे बाकी आहेत म्हणून त्याला कामावर लावणाऱ्या एजंटांनी बिल धाडले. रक्कम होती १४ शिलिंग ७ पेन्स.

नियम बदलले, पण...

बोट बुडत असताना काही मैलांवर ‘कॅलिफोर्नियन’ नावाची दुसरी आगबोट बर्फामुळे थांबून उभी होती. तिचा एकमेव बिनतारी यंत्रचालक रात्री साडेअकराच्या सुमारास यंत्र बंद करून झोपला. तिच्यावरील अधिकाऱ्यांना आकाशात उडालेले बाण दिसले, पण त्याला उठवून विचारावे असे कोणाला सुचले नाही. ती किती अंतरावर होती, यावर अजून वाद चालतात. मात्र ती वेळीच निघती तर पुष्कळ जीव वाचते, असा ब्रिटिश चौकशीचा निष्कर्ष होता. ‘कार्पेथिया’ कितीतरी दूर होती. कप्तान आर्थर रोस्ट्रन यांनी ती बर्फातून वेगाने हाकत आणली आणि पहाटे चारच्या सुमारास ती पोचली. तोवर होड्यांतल्या माणसांखेरीज वाचवायला कोणी उरले नव्हते.

यानंतर जग हलले. जानेवारी १९१४ मध्ये लंडनला सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. बोटीवर जितकी माणसे, तितक्या जणांना होड्यांत जागा, चोवीस तास बिनतारी पहारा, नियमित कवायत, उत्तर अटलांटिकमध्ये हिमनगांवर गस्त. आज समुद्रप्रवासाला जी शिस्त आहे, तिचा पाया इथे आहे. पुढे अनेकदा सुधारलेला हा करार ‘सोलास’ या नावाने ओळखला जातो आणि १९७४ सालची त्याची आवृत्ती, वेळोवेळीच्या दुरुस्त्यांसह, आजही चालू आहे.

पण नुसता आकडा बदलला की सुरक्षा येते असे नाही, हे दीड वर्षातच दिसले. टायटॅनिकनंतरच्या लाटेत अमेरिकेतील ‘ईस्टलँड’ या बोटीवर जादा होड्या आणि तराफे चढवण्यात आले. मुळातच डोक्याने जड असलेली ती बोट जुलै १९१५ मध्ये शिकागोच्या धक्क्याला बांधलेली असतानाच कलंडली. ८४४ माणसे मेली. त्याच वर्षी ‘लुसिटानिया’ जर्मन पाणतीराने बुडाली. तिच्यावर होड्या पुरेशा होत्या, पण ती अठरा मिनिटांत गेली आणि एका बाजूला इतकी कलली की बऱ्याच होड्या सोडताच आल्या नाहीत. होडी असणे आणि ती वापरता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

संकटात माणूस कसा वागतो याविषयीही आपले गोड समज तपासायला हवेत. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ साली तीन शतकांतील अठरा जलदुर्घटनांचा अभ्यास मांडला. एकंदरीत पाहता स्त्रियांपेक्षा पुरुष जास्त वाचले होते आणि उतारूंपेक्षा कर्मचारी. स्त्रियांना आधी वाट देणारी टायटॅनिक अपवाद होती, नियम नव्हे. कप्तानाने हुकूम दिला आणि अधिकाऱ्यांनी तो राबवला, म्हणून ते घडले. माणसांचा चांगुलपणादेखील आयत्या वेळी आपोआप उगवत नाही. त्यालाही व्यवस्थेचा आधार लागतो.

एका आठवड्यातल्या दोन बोटी

हे सगळे जुने झाले, असे म्हणणाऱ्यांनी जून २०२३ चा एक आठवडा आठवावा. १८ जूनला टायटॅनिकचे अवशेष पाहायला निघालेली ‘टायटन’ ही छोटी पाणबुडी पाच जणांसह नाहीशी झाली. एका जागेचे तिकीट अडीच लाख डॉलर होते. जगभरच्या वाहिन्यांनी तिच्यातला प्राणवायू किती तासांचा उरला, याची घड्याळे लावली. विमाने, जहाजे, यंत्रमानव धावले. पाणबुडी आत चेपून पाचही जण केव्हाच गेले होते. ही दुर्घटना टाळता आली असती, असा निष्कर्ष अमेरिकी तटरक्षक दलाच्या चौकशीने २०२५ साली काढला. कोणत्याही मान्य संस्थेकडून या पाणबुडीची तपासणी आणि प्रमाणन करून घेतलेले नव्हते. टायटॅनिकने कालबाह्य नियम पाळले होते. टायटनच्या मालकांनी चालू नियम टाळले.

त्याच्या चारच दिवस आधी, १४ जूनला, ग्रीसच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर ‘एड्रियाना’ हा मच्छीमारी ट्रॉलर उलटला. लिबियाहून इटलीकडे निघालेल्या या ट्रॉलरवर पाकिस्तान, इजिप्त, सीरिया अशा देशांतील साडेसातशेपर्यंत माणसे कोंबलेली असावीत, असा अंदाज आहे. वाचले १०४, सगळे पुरुष. बायका आणि मुले तळाच्या भागात होती. त्यांतले कोणी वर आले नाही. हा ट्रॉलर आदल्या दिवशीच विमानातून दिसला होता, जवळच्या व्यापारी जहाजांनी त्याला पाणी पुरवले होते, तटरक्षक दलाची बोटही तिथे होती. ओढून नेण्याच्या प्रयत्नात तो उलटला, असे वाचलेल्यांपैकी काहींनी सांगितले. दलाने ते नाकारले. एका दुर्घटनेतली पाच नावे जगाला पाठ झाली. दुसरीतल्या शेकडो माणसांची यादीसुद्धा नाही. विशेष म्हणजे पाकिस्तानी माणसे दोन्हींकडे होती, उद्योगपती पितापुत्र पाणबुडीत आणि पोटासाठी घर सोडलेले तरुण ट्रॉलरच्या तळाशी.

यादीचा मुद्दा वाटतो तितका किरकोळ नाही. डिसेंबर १९८७ मध्ये फिलिपाइन्सची ‘दोन्या पाझ’ ही फेरीबोट तेलवाहू जहाजावर आदळून पेटली. कागदोपत्री तिच्यावर सुमारे दीड हजार उतारू होते. प्रत्यक्षात चार हजारांहून अधिक माणसे मेली असे मानले जाते. म्हणजे टायटॅनिकच्या अडीच पटींहूनही जास्त. ज्यांची नावे यादीतच नव्हती, त्यांच्यासाठी होडीत जागा कोण ठेवणार?

आपल्या धक्क्यावर

मुंबईकरांना आणि रायगडकरांना हे सांगायला नको. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला एक महिना उरलेला असताना, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ भर पावसाळ्यात बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. टायटॅनिकच्या यंत्राने कार्पेथियाला बोलावले, त्यानंतर पस्तीस वर्षांनी मुंबईच्या तोंडाशी बुडणाऱ्या बोटीला किनाऱ्याला हाक मारण्याचे साधन नव्हते. बातमी कळायलाच कित्येक तास गेले.

आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी, गेटवेवरून घारापुरीला जाणाऱ्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची इंजिनाच्या चाचणीसाठी निघालेली स्पीडबोट आदळली. १५ जण मृत्युमुखी पडले. दोष धडक देणाऱ्या बोटीचा, हे उघडच आहे. पण त्या दिवशी ‘नीलकमल’वर परवान्यापेक्षा अधिक माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते, हेही पुढे आले. दुर्घटनेनंतर जॅकेटची सक्ती झाली. १९१२ प्रमाणेच इथेही नियम प्रेतांच्या मागून आला.

सोलास करार आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या जहाजांसाठी आहे. खाडी ओलांडणारी, बेटावर सहलीला नेणारी, नदीपार सोडणारी बोट त्याच्या कक्षेत येत नाही. ती त्या त्या देशाच्या आणि राज्याच्या परवान्यावर चालते. म्हणजे महासागर ओलांडणारा श्रीमंत पर्यटक टायटॅनिकच्या धड्याचा लाभ घेतो आणि बाजारहाटासाठी खाडी पार करणारी बाई त्यापासून दूरच राहते. तिच्या बोटीचा परवाना किती माणसांचा आहे, ती सुटताना कोणी डोकी मोजली का, जॅकेटे बाकाखाली बांधून ठेवली आहेत की हाताशी आहेत, लहान मुलांच्या मापाची आहेत का, सुटण्यापूर्वी दोन मिनिटे कोणी मराठीत सूचना दिल्या का, हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. टायटॅनिकवरचे सगळे प्रश्न १० एप्रिल १९१२ पर्यंत असेच क्षुल्लक वाटत होते.

सरकारी खात्याने हे पाहावे, ही अपेक्षा रास्तच आहे. पण प्रवाशांचेही काही चुकते. गर्दी दिसत असताना आपण ‘पुढची बोट तासाने आहे’ म्हणून चढतो. जॅकेट घालायला सांगणाऱ्या पोराची थट्टा करतो. मुलाला कठड्यावर बसवून फोटो काढतो. अमुक इतकी माणसे झाली, आता बोट सोडू नका, असे धक्क्यावर ठामपणे म्हणणारे एखादे कुटुंब भेटते, तेव्हा बाकीचे त्याच्याकडे त्रासिक नजरेने बघतात.

टायटॅनिकच्या चौकशीतून निघालेले तत्त्व फार साधे होते: बोटीचे वजन मोजू नका, माणसे मोजा. हे मान्य व्हायला पंधराशे बळी लागले आणि आजही ते सगळीकडे लागू झालेले नाही. समुद्र खवळणे आपल्या हाती नाही. पण परवान्यावरचा आकडा आणि बोटीत चढलेल्या माणसांचा आकडा एकच आहे ना, हे पाहणे आपल्या हाती आहे. हे काम बोट सुटण्यापूर्वीच करावे लागते. सुटल्यानंतर मग उरतो तो फक्त चौकशीचा अहवाल.